बदलबहाद्दरांचे जनक आणि चमू

"ओढू नकोस, वळव. आणि जोर लावू नकोस. जोर लावावा लागला, की समजायचं आपलं काहीतरी चुकलं."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात यांनी मला हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं, किती समंजस माणूस आपल्या वाट्याला आला! अख्ख्या संसाराचं सार, आणि तेही इतक्या मऊ आवाजात. मी मान खाली घालून प्रत्येक शब्द मनात साठवून घेतला. मग वर पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की हे माझ्याशी बोलत असले तरी विषय आगीच्या बंबाच्या डाव्या हाताचा होता.

बंबाला हात कुठून आला, असं ज्यांना वाटेल त्यांनी 'बदलबहाद्दर' पाहिलेले नाहीत. आमचे हे खेळण्यांच्या एका कारखान्यात आराखडे काढायच्या खोलीत नोकरीला होते, आणि बदलबहाद्दर ही त्या खोलीतून बाहेर पडलेली जमात. हातात घ्यावा तर बंब. शिडी मागे वळवावी, चाकं पोटात घ्यावीत, केबिन छातीवर आणावी, की त्याच बंबाचा यंत्रमानव होऊन उभा. उलट क्रमाने वळवलं की पुन्हा बंब. एकही तुकडा सुटा होता कामा नये, हा यांचा नियम. कारण सुटा तुकडा मूल हरवतं, तेही नेहमी दुसऱ्याच्या घरी, आणि मग दोन घरांचं बोलणं बंद होतं. यांत्रिकीचे बहुतेक नियम यांनी असे शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून काढलेले होते.

पहिल्या बहाद्दराचं अंग पुठ्ठ्याचं होतं आणि गुडघे माझ्या शिवणाच्या डब्यातल्या टिचबटणांचे. प्रत्येक नमुना आधी माझ्या हातात यायचा. एका हाताने भाजी ढवळता ढवळता दुसऱ्या हाताने मला त्याचा माणूस करता आला, तर तो मुलांना जमेल. मला डाव खाली ठेवावा लागला, तर नमुना परत आराखड्यावर. त्या काळात आमच्या घरी भाज्या पुष्कळ करपल्या. खेळणी मात्र नामी निघाली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण इतिहास लांबला की त्यात साहेब शिरतात.

अग्निबहाद्दर हा बंब चालला. उचलबहाद्दर ही क्रेन चालली. मग कारखान्याच्या विक्रीसाहेबांना एक कल्पना सुचली. साचा तयार आहेच, तर त्याच साच्यातून काळा बंब काढावा आणि त्याला अग्निबहाद्दराचा दुष्ट भाऊ म्हणून विकावा. नाव काळबहाद्दर. आग लावत फिरणारा आगीचा बंब! मुलांना दोन्ही भाऊ हवेसे झाले. साहेबांना बढती मिळाली. यांना रंगांचा नवा तक्ता मिळाला. मग साहेबांनी प्रत्येक बहाद्दराला खोक्याच्या पाठीवर जन्मकथा दिली, आवडनिवड दिली, एकेक गुप्त दुःख दिलं. रस्त्यावरची वाहनं संपली तेव्हा त्यांची नजर घरात वळली. इस्त्रीबहाद्दर आला, शिलाईबहाद्दर आला आणि शेवटी कपाटबहाद्दर, जो मिटला तरी कपाटासारखा दिसायचा आणि उभा राहिला तरी. हे म्हणाले होते, "साहेब, हा बदलतच नाही, मग बदलबहाद्दर कसला?" साहेब म्हणाले, "बदल आतून होतो." त्यानंतर लवकरच कारखाना आतून आणि बाहेरून बंद झाला.

हे सगळं मागे पडलं होतं. हे निवृत्त होऊन खिडकीतल्या झाडांना पाणी घालत होते आणि मी माझ्या नेमाधर्मात होते. अशात एका सकाळी टपालाने जाड कागदाचं निमंत्रण आलं. शहरातल्या खेळणी संग्रहालयात बदलबहाद्दरांचं कायमचं दालन उघडणार होतं. उद्घाटक म्हणून छापलं होतं, 'बदलबहाद्दरांचे जनक', आणि पुढे विक्रीसाहेबांचं नाव, फोटोसकट. फोटोत साहेबांनी अग्निबहाद्दर हातात धरला होता. उलटा.

आता, माझे नेम काही फार कडक नाहीत. पहाटे प्रार्थना, मग जप, दुपारी बारापर्यंत मौन, आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही. मौनामुळे खोटं न बोलण्याचं निम्मं काम आपोआप होतं, हा त्यातला फायदा. माझी नणंद म्हणते, "तुझं मौन काय नि बोलणं काय, ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच." माझा आवाज जरा हळू आहे, एवढाच याचा अर्थ. वन्संचा आवाज तसा नाही. त्या शेजारच्या इमारतीत राहतात आणि आम्हाला फोन करण्याची त्यांना कधी गरज पडत नाही.

तर निमंत्रण आलं तेव्हा माझं मौन चालू होतं. मी ते यांच्यापुढे ठेवलं आणि 'जनक' या शब्दावर बोट टेकवलं.

"अरे वा," हे म्हणाले, "कागद चांगला वापरलाय."

मी बोट पुन्हा टेकवलं.

"हो, साहेब अजून ठणठणीत दिसतात."

तिसऱ्यांदा मी बोट असं टेकवलं, की बशीतला कप उडाला. हे म्हणाले, "अगं, बाराला सांग ना काय ते."

बारापर्यंत मी जपमाळ ओढत बसले. त्या दिवशीचा जप देवाने कुणाच्या खात्यावर घातला असेल, कोण जाणे. बारा वाजले तशी मी म्हणाले, "जनक तुम्ही आहात."

"काय म्हणालीस?"

"जनक तुम्ही आहात!"

"असू दे गं. पाटीवर कुणाचं तरी नाव लावावंच लागतं. उगाच त्या लोकांना त्रास कशाला?"

हा माणूस जन्मभर लोकांचा त्रास वाचवत आला आहे. लोकांनी त्या वाचलेल्या वेळात याच्या नावावरची एकेक गोष्ट उचलून नेली. मी ठरवलं, आपण काही भांडायचं नाही, मोठं काही मागायचं नाही. पाटीवरचं एक नाव बदलून घ्यायचं. दोन-चार दिवसांचं काम.

काम दोन-चार दिवसांचं असलं की आमच्या इमारतीत ते कुणालाही न सांगता करावं लागतं. मी वरच्या मजल्यावरच्या अपीलकाकांना सांगितलं. या गृहस्थांनी आयुष्यात कुठलाही निर्णय पहिल्या झटक्यात मान्य केलेला नाही. पाण्याच्या वेळेपासून स्वतःच्या निवृत्तीपर्यंत सगळ्यांवर त्यांचं अपील चालू आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी, विनंती करू नका. विनंती जागच्या जागी फेटाळता येते. हरकत घ्या. हरकत फेटाळायची तर बैठक बोलवावी लागते."

वन्सं म्हणाल्या, "बैठकीबिठकीच्या नादी लागू नकोस. सरळ त्या दालनात जाऊन उभी राहा आणि मोठ्याने रड."

"वन्सं, मला मोठ्याने रडता येत नाही."

"माहितीये. मला ने. मी रडते."

मी दोघांनाही न नेता संग्रहालयात गेले. हरकतींची खिडकी फक्त सकाळी उघडी असते. देवाचं आणि कचेऱ्यांचं वेळापत्रक कधी जुळू द्यायचं नाही, असा कुठेतरी ठराव झालेला असावा. मी घरूनच कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून नेलं: 'मला बारापर्यंत बोलता येत नाही. क्युरेटरबाईंना भेटायचं आहे.' खिडकीतल्या कारकुनाने कागद घेतला, 'मला' आणि 'बोलता येत नाही' एवढंच वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम माणुसकी पसरली.

"ताई!" तो ओरडला. "तुम्ही! बसा!" आणि मला समजावं म्हणून स्वतः उठून, खुर्चीवर बसून दाखवलं.

मी कागदावर लिहिलं, 'मला ऐकू येतं.' त्याने ते वाचून मायेने मान हलवली आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "जिद्द बघ." मग त्याने माझ्या गळ्यात एक निळा बिल्ला घातला आणि मला हाताला धरून मूकबधिर पाहुण्यांच्या खास सहलीत नेऊन सोडलं.

त्या सहलीत बऱ्याच बायका होत्या आणि त्या हातांनी इतक्या भराभर गप्पा मारत होत्या, की त्या सबंध इमारतीत गप्प अशी मी एकटीच होते. एकीने माझ्याकडे पाहून हातांनी काहीतरी विचारलं. मी ओशाळून माझा कागद पुढे केला. तिने तो पूर्ण वाचला. त्या दिवशी तो कागद पूर्ण वाचणारी ती एकटीच. वाचून ती इतकी हसली, की तिने तो बाकीच्यांना दाखवला, आणि मग सगळ्या सहलीने माझी मनसोक्त थट्टा केली. माझ्यादेखत, आणि मला एक अक्षर कळू न देता.

सहल फिरत फिरत नव्या दालनाशी आली. काचेच्या पेटीत अग्निबहाद्दर उभा होता. उभा म्हणायचं आपलं. पायांच्या जागी हात टेकवलेले, पाय खांद्यातून आकाशाकडे गेलेले, शिडी पोटातून बाहेर, आणि पडू नये म्हणून पाठीशी एक पारदर्शक टेकू. डोकं होतं, पण ते कुणाच्या नजरेस पडू नये अशा ठिकाणी होतं. खाली पितळी पाटीची जागा मोकळी ठेवलेली. मी तोंड उघडलं, नेम आठवला, मिटलं.

बाराचे ठोके पडले तशी मी धावत खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मला क्युरेटरबाईंना भेटायचंय."

कारकून पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची माणुसकी माझ्या डोळ्यांदेखत ओसरली. "तुम्ही बोलता? मग हा बिल्ला कसा काय घेतलात?"

"मी घेतला नाही, तुम्ही घातलात."

"काय म्हणालात? मोठ्याने बोला जरा!" आणि मी मोठ्याने बोलायच्या आत त्याने घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजले. खिडकी बंद."

शेवटी अपीलकाकांनी लिहून पाठवलेली हरकतच कामाला आली. ती वाचून संग्रहालय बहुधा घाबरलं नसावं, कंटाळलं असावं. ते काही असो, क्युरेटरबाईंनी मला एका दुपारी बोलावलं. बाई सभ्य होत्या आणि दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं असेलही. पण ही वस्तूच मुळात अडचणीची आहे. वाहन विभाग म्हणतो, ही बाहुली आहे. बाहुली विभाग म्हणतो, हिला चाकं आहेत. इतकी वर्षं ती दोन्ही विभागांच्या मधल्या जिन्यात पडून होती. आत्ता कुठे तिला दालन मिळालंय."

"म्हणून ती अशी अवघडून उभी आहे का?"

"अवघडून?" बाई दुखावल्या. "आमच्या तज्ज्ञांनी उभी केलीये. त्यांच्याकडे सगळे बहाद्दर आहेत. तुमच्या यजमानांना घेऊन या, बैठकीत ठरवू."

अशी बैठक लागली. अपीलकाकांचा चेहरा त्या दिवशी घरात कार्य निघाल्यासारखा फुलला होता.

बैठकीला हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि वन्सं कुणी बोलावलं नसताना आल्या. समोर क्युरेटरबाई आणि ते तज्ज्ञ. तज्ज्ञ चाळिशीचे, हातात पांढरे सुती मोजे. त्यांच्याकडे सगळेच्या सगळे बहाद्दर होते, पण सीलबंद खोक्यांत. एकही उघडलेला नाही, कारण उघडला की त्याची प्रत उतरते. लहानपणी खेळायचं राहून गेलेलं प्रत्येक खेळणं या गृहस्थांनी मोठेपणी न खेळण्यासाठी विकत घेतलं होतं. अग्निबहाद्दर कसा उभा राहतो, हे त्यांनी खोक्यावरच्या चित्रावरून अभ्यासलं होतं.

"ते चित्र आधी झालं होतं," हे हळूच म्हणाले. "साहेबांना घाई होती. चित्रकाराला मी म्हटलं, गुडघा अजून ठरायचाय. तो म्हणाला, मग मी ढगात लपवतो."

"अधिकृत चित्र तेच आहे," तज्ज्ञ म्हणाले.

"हो, पण तो तसा उभा राहत नाही."

"राहिलाय की."

"टेकू लावलाय."

क्युरेटरबाईंनी पेटी उघडली आणि अग्निबहाद्दर यांच्या हातात दिला. "तुम्हीच उभा करून दाखवा म्हणजे झालं."

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा हे शिडीशी झटत होते. शिडी वळली. चाकं आत गेली. मग हे थांबले. केबिन डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. जुनं प्लास्टिक ताठरलं होतं, यांचे अंगठे ताठरले होते, आणि मधली एक पायरी यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. थोड्या वेळाने यांच्या हातात जे होतं ते पुढून बंब होतं आणि मागून माणूस.

"अरे, तूच केलास ना हा?" वन्सं म्हणाल्या. त्यांना धीर द्यायचा होता. त्यांचा धीर दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

तज्ज्ञांनी खुर्चीत पाठ टेकली. त्यांच्या ओठांवर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, कारण खोटं बोलायचं नाही आणि निंदाही करायची नाही. पण ते पाहून माझ्या तळपायातून जे काही निघालं ते थेट मस्तकात गेलं. मी उठले, यांच्या हातातून तो बंब घेतला आणि डावा हात धरून ओढला.

कट्.

हात माझ्या हातात आला. सबंध. सुटा.

तज्ज्ञांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाच्या तोंडून मी फक्त दवाखान्यात ऐकला आहे. क्युरेटरबाई उभ्या राहिल्या. हे माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "ओढलंस." रागावले असते तर बरं झालं असतं.

पण खरा घात पुढेच होता. क्युरेटरबाईंनी स्वतःला सावरलं आणि मला म्हणाल्या, "झालं ते झालं. मला फक्त एक सांगा. या रचनेत तुमच्या यजमानांशिवाय दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

अपीलकाकांनी घरून निघताना बजावलं होतं, की 'हो' म्हणायचं आणि थांबायचं. वन्सं मला कोपराने ढोसत होत्या. हे खाली पाहत होते. 'हो' एवढा एक शब्द! कुठल्याही सामान्य बाईने तो म्हटला असता आणि पाटी घेऊन घरी गेली असती. पण मी पडले नेमाची. मी म्हणाले, "खात्रीने नाही सांगता येणार. गुडघ्याची टिचबटणं माझी होती. हात बाहेरून नको, आतून वळू दे, असं मीच एकदा म्हटलं होतं, भाजी ढवळताना. आणि शिडीचा कोन कारखान्यातल्या साचेवाल्याने थोडा बदलला होता, असं हे एकदा जेवताना..."

"म्हणजे सामूहिक," क्युरेटरबाई म्हणाल्या, आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला."

पाटी तयार झाली. तिच्यावर कोरलं गेलं: 'जनक', मग साहेबांचं नाव, मग 'आणि चमू'.

खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेल्या बाईने नवऱ्याला चमू करून घरी आणला, असं आमच्या इमारतीत झालं. वन्संनी दुसऱ्याच दिवशी खिडकीतून हाक दिली, "काय रे चमू, चहा झाला का?" जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी यांचं अभिनंदन केलं आणि विचारलं, चमूमध्ये आणखी कोण कोण होतं. अपीलकाका म्हणाले, "वहिनी, दोन अक्षरांवर अपील करायचं तर मुद्दे तगडे लागतील," आणि वर जाऊन कामाला लागले.

 हे झाडांना पाणी घालायचं दोन दिवस विसरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पानं पुसत होते, तर हे मागे येऊन उभे राहिले.

"चमू कोण होता गं?" हे म्हणाले. "त्या खोलीत मी एकटा असायचो. खिडकीसुद्धा नव्हती."

मी फडकं खाली ठेवलं.

"मला पाटीबिटी नको," हे म्हणाले. "खरंच नको. पाटी काय, कुणी वाचतं कुणी नाही. पण त्या हॉलमध्ये एकदा कुणीतरी मोठ्याने नाव घेतलं असतं, की बाबा, हे अमक्याने केलं, तर..." मग लगेच म्हणाले, "जाऊ दे. उगाच त्रास लोकांना."

"मी घेईन," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"मी घेईन नाव. सगळ्यांसमोर."

"ऐकू जाईल असं?" यांच्या आवाजात थट्टा होती, पण अर्धीच.

"ऐकू जाईल असं. शब्द देते."

मी क्युरेटरबाईंना फोन केला. पाटी बदलणार नव्हती, पण कार्यक्रमात 'आठवणी' नावाचं एक सदर होतं आणि त्यात कारखान्यातल्या लोकांच्या घरच्यांपैकी कुणीही थोडा वेळ बोलू शकत होतं. शिवाय जे बोललं जाईल ते ध्वनिमुद्रित होऊन दालनात रोज वाजत राहणार होतं. मला देव पावल्यासारखं वाटलं. मी धन्यवाद म्हणाले आणि मग विचारलं, "कार्यक्रम दुपारी ना?"

"नाही हो. सकाळी अकराला."

देव पावतो तेव्हा तो आपल्याला नीट पारखूनही घेतो.

अपीलकाका म्हणाले, "यात काय अवघड आहे? प्रत्येक नियमात सवलतीचं कलम असतं. अर्ज करा."

"नेम मीच घेतलाय, काका."

"मग तर उत्तमच. अर्जदारही तुम्ही, अधिकारीही तुम्हीच. मंजूर करून टाका."

"आणि देव?"

काकांनी विचार केला. "त्यांना माहितीसाठी प्रत पाठवा."

वन्संचा तोडगा सोपा होता. "तू मौन पाळ. मी बोलते. माझा भाऊ आहे, मला हक्क आहे. आणि माझं बोलणं मुद्रित करायला यंत्रसुद्धा लागणार नाही." पण वन्सं बोलायला लागल्या, की नावाच्या आधी त्यांचं स्वतःचं बालपण येतं, मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि माझ्या शब्दाला वन्संचा आवाज लावला तर तो शब्द माझा राहत नव्हता.

राहता राहिला माझा आवाज. रोज दुपारी बारानंतर मी तालीम सुरू केली. इमारतीच्या लांब बोळाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कानाला हात लावून अपीलकाका. मी सगळं भाषण म्हटलं. गुडघा, टिचबटणं, खिडकी नसलेली खोली, आणि शेवटी नाव. म्हणून झाल्यावर काकांकडे पाहिलं.

"हं, वहिनी," काका लांबून ओरडले, "करा सुरुवात!"

मग भाषणातून गुडघा काढला. टिचबटणं काढली. वन्सं म्हणाल्या, आता उरलं काय? उरलं होतं नाव, आणि 'हे यांनी केलं' एवढे तीन शब्द. तेवढ्यावर मी राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे उठून मी प्रार्थना केली, जप केला. माळ खाली ठेवल्यावर देवाला सांगितलं, की आज मी बाराच्या आत बोलणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं, आणि समोरून नेहमीइतकंच उत्तर आलं. मला जरा मोकळं वाटलं आणि जरा पोरकंही.

हे इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. "अगं," हे म्हणाले, "नेम मोडू नकोस माझ्यासाठी. उगाच तुला त्रास. नाव काय, कुठे पळून जातंय?"

मी यांच्या शर्टाची कॉलर नीट केली, घोटभर कोमट पाणी प्यायले आणि चपला घातल्या. हे कुलूप लावायला मागे राहिले. मी पुढे निघाले आणि जिना उतरू लागले. पहिल्या पायरीवर यांचं नाव ओठांतल्या ओठांत घेतलं. दुसऱ्या पायरीवर जरा सुटं. प्रत्येक पायरीला आदल्या पायरीपेक्षा थोडं मोठं. वळणावर आवाज फाटला, तिथे थांबले, पुन्हा घेतलं. खाली पोचले तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बाहेर डोकावून पाहिलं.

"काही म्हणालात का?"

"हो," मी म्हणाले, आणि फाटकाबाहेर पडले.